गोडाऊनची मांडणी साठ्याच्या नोंदींवरून कशी ठरवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, विविध कार्यकारी सोसायट्या आणि कृषी सेवा केंद्रं यांची गोडाऊनं जे सांभाळतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. साठ्याचे हिशेब लावून देताना गावोगाव जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, तेच इथे घेतले आहेत. आमचं सांगणं एकच आहे. कोणता माल कुठे ठेवायचा याचं उत्तर तुमच्या नोंदवहीत आधीच पडलेलं असतं. वही तपासणीसाठी भरली जाते आणि कपाटात जाते, म्हणून ते वाचायचं राहून जातं.

आमचं गोडाऊन म्हणजे एक हॉल आणि एक शटर. त्यात मांडणी ती काय करायची?

एकच शटर आहे म्हणून तर मांडणीला जास्त किंमत आहे. येणारा आणि जाणारा प्रत्येक कट्टा त्याच दारातून जातो.

हिशेब करून पाहा. समजा हॉल ६० फूट लांब आहे आणि शटर एका टोकाला आहे. एप्रिलमध्ये युरिया आला, मागे जागा रिकामी दिसली, म्हणून शटरपासून ५० फुटांवर थप्पी लागली. तीच थप्पी १५ फुटांवर लागू शकली असती. जूनमध्ये त्यातले ९०० कट्टे गेले. दर कट्ट्यामागे जाताना ३५ फूट आणि येताना ३५ फूट जादा चालणं झालं. एकूण ६३,००० फूट, म्हणजे १९ किलोमीटरच्या वर. त्यातलं निम्मं अंतर हमालाने ४५ किलो पाठीवर घेऊन कापलं, तेही जूनच्या उकाड्यात, पत्र्याखाली.

हमाली कट्ट्यावर ठरते, फुटांवर ठरत नाही. त्यामुळे हा खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही. तो माणसाच्या गुडघ्यात आणि कमरेत साठत जातो, आणि बाहेर कास्तकार ट्रॅक्टर लावून ताटकळत बसतो. मिरगाच्या तोंडावर, पाऊस पडून वावर वापशावर आलेलं असताना, गोडाऊनसमोर गेलेला एक तास पेरणीतून जातो.

यासाठी कोणत्या नोंदी लागतात? आमच्याकडे फक्त स्टॉक रजिस्टर आहे.

स्टॉक रजिस्टर असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. शिवाय बिलबुकं असतात, वजनकाट्याच्या पावत्या असतात. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर (विक्री नोंदवून बिल देणाऱ्या यंत्रावर) होते, त्यामुळे खताच्या प्रत्येक विक्रीची तारीख आणि नगसंख्या तिथे मिळते. बियाणं आणि कीटकनाशकांचं बॅचवार रजिस्टर कायद्यानेच ठेवावं लागतं. माल घेताना ओलावा मोजत असाल तर तो आकडाही कुठेतरी लिहिलेला असतो.

यात भर घालायची ती एकाच रकान्याची : ‘जागा’. माल आला की कोणत्या जागी लावला ते लिहायचं, हलवला की नवी जागा लिहायची. त्याआधी जागांना नावं द्यावी लागतात. हॉलच्या लांबीचे अ, ब, क, ड असे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात १ पासून क्रमांक द्या आणि जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने थप्पीची चौकट आखून भिंतीवर तोच क्रमांक लिहा. ‘ब-३’ म्हटलं की नव्या पोरालाही कळलं पाहिजे. ‘त्या खांबाच्या मागे, गेल्या वर्षी तूर होती तिथे’ हा पत्ता एकट्या जुन्या माणसाला कळतो, आणि तो नेमका लग्नाला गेलेला असतो तेव्हाच खताची रेक (मालगाडी) लागते.

ज्या मालाचा साठा सगळ्यात जास्त, तो शटरजवळ ठेवायचा. हे बरोबर आहे का?

नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. साठा किती आहे यावरून जागा किती लागेल ते ठरतं. माल किती जवळ ठेवायचा, हे त्याला किती वेळा हात लागतो यावरून ठरतं.

खेपा मोजताना एक फरक ध्यानात ठेवायचा. कट्ट्याच्या मालात हमाल एका खेपेत एकच कट्टा नेतो. एका बिलावर १० कट्टे असतील तर १० खेपा. म्हणून तिथे कट्टे मोजा. बीटी कपाशीची पाकिटं, औषधांच्या बाटल्या, नॅनो युरिया या मालात पाच-सहा नग एकाच खेपेत हातात येतात. तिथे नग मोजून उपयोग नाही, बिलांवरच्या ओळी मोजा.

मग प्रत्येक मालाने अडवलेली जागा त्याच्या खेपांनी भागा. समजा जूनचे आकडे असे निघाले : युरियाला १५० चौरस फूट जागा आणि ९०० खेपा, म्हणजे ०.१७. डीएपीला १०० चौरस फूट आणि ५०० खेपा, म्हणजे ०.२. बीटी पाकिटांच्या कपाटाला २० चौरस फूट आणि २६० खेपा, म्हणजे ०.०८. पोटॅशला ५० चौरस फूट आणि ६० खेपा, म्हणजे ०.८३. ठिबकच्या नळ्यांच्या बंडलांना ८० चौरस फूट आणि १० खेपा, म्हणजे ८. ज्याचा आकडा सगळ्यात लहान तो माल शटरच्या सगळ्यात जवळ, आणि तिथून मागे चढत्या क्रमाने. बंडलं गेली मागच्या भिंतीला.

जेम्स हेस्केट या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ साली मांडलेल्या गणिताचाच हा गावठी अवतार आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या गोडाऊनमध्ये आजही यावर आधारलेल्या रीती चालतात. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो चहा पिता पिता जमतो.

मात्र आकडा आला म्हणून डोळे मिटून मांडायचं नाही. बीटीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट महाग असतं आणि बियाण्याला ऊन सोसत नाही. कपाट शटरजवळ असलं तरी दुपारचं ऊन येतं त्या बाजूला नको, आणि कुलूपबंद हवं.

एबीसी पद्धत म्हणजे हेच का?

त्याच घराण्यातली आहे. वर्षभराच्या खेपा उतरत्या क्रमाने लिहिल्या की वरचे थोडेसे माल बहुतेक खेपा घेऊन बसलेले दिसतात. ते ‘अ’ गट, मधले ‘ब’, उरलेले ‘क’. कृषी सेवा केंद्रात शेकडो नग असतात, तिथे प्रत्येकाचा भागाकार करत बसण्यापेक्षा हे तीन गट पुरतात. ‘अ’ गट गुडघा ते खांदा या उंचीत आणि काउंटरच्या हाताशी ठेवा, ‘क’ गट वरच्या फळीवर.

एक काळजी घ्या. बरेच जण एबीसी रुपयांवर करतात. रुपयांवर केलेली यादी खरेदी आणि चोरीचा धोका यांसाठी कामाची. मांडणीसाठी यादी खेपांचीच हवी. झिंकची पिशवी स्वस्त असते, पण रोज दहा जण मागतात.

जूनमधली मांडणी नोव्हेंबरमध्ये निरुपयोगी होते. दरवेळी सगळं हलवायचं का?

सगळं हलवायचं नाही, पण वर्षाला एकच नकाशा धरून चालणारही नाही. विदर्भातल्या गोडाऊनचं वर्ष फार वरखाली असतं.

एका कागदावर बारा महिन्यांच्या ओळी आखा. प्रत्येक महिन्यापुढे आवक किती कट्टे आणि जावक किती कट्टे ते लिहा, दोन वर्षांचं शेजारी शेजारी. चित्र साधारण असं दिसतं. मे ते जुलै खत-बियाण्यांची जावक. ऑगस्टपर्यंत कपाशीच्या युरियाचे पुढचे हप्ते. सप्टेंबर बराच शांत. ऑक्टोबरपासून सोयाबीनची आवक. जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मग हरभरा. एप्रिल पुन्हा शांत. म्हणजे सप्टेंबर आणि एप्रिल हे दोन महिने मांडणी बदलण्याचे. नकाशे दोन : एक मे ते ऑगस्टचा, एक ऑक्टोबर ते मार्चचा. दोन्ही आखून भिंतीवर लावा.

खरी कसोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. सोयाबीन आत येत असतं आणि त्याच दिवसांत हरभऱ्याचं बियाणं व डीएपी बाहेर जात असतं. बहुतेक कास्तकार सोयाबीन निघालं की त्याच वावरात हरभरा पेरतात, म्हणून तोच माणूस ट्रॉलीत सोयाबीन घेऊन येतो आणि परत जाताना खत मागतो. आवक आणि जावक एकाच शटरमध्ये समोरासमोर येतात आणि भांडणं इथेच होतात.

इथे नोंदींतली तारीख पुरत नाही, वेळ पाहावी लागते. पॉसच्या बिलावर वेळ छापलेली असते, काट्याच्या पावतीवरही बहुधा असते. गेल्या हंगामातल्या गर्दीच्या आठवड्याच्या पावत्या घ्या आणि तासांप्रमाणे ढीग करा. खताची गिऱ्हाइकी सकाळी आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या दुपारनंतर, असा काही फरक दिसला तर वेळा वाटून द्या आणि फळ्यावर लिहा. फरक दिसला नाही, दोन्ही दिवसभर सारखंच असलं, तर रब्बीचं खत-बियाणं त्या सहा-सात आठवड्यांसाठी शटरच्या एकाच बाजूला भिंतीलगतच्या पट्ट्यात आणा आणि दुसरी बाजू आवकेसाठी मोकळी सोडा. खताच्या त्या पट्ट्यात आठवडाभर पुरेल एवढाच माल ठेवा, बाकी मागे. किती पुरेल ते गेल्या वर्षीच्या आठवड्याच्या जावकेवरून कळतं.

आमच्याकडे विक्रीचा माल नाही, कास्तकारांचं सोयाबीन-तूर ठेवलेलं असतं. ते एकदा येतं आणि एकदाच जातं. तिथे खेपांचा काय उपयोग?

तिथे खेपांचा उपयोग थोडा, तारखांचा जास्त. अशा गोडाऊनमध्ये माल पुढे-मागे ठरवणारे तीन आकडे असतात.

पहिला, बाहेर जाण्याची तारीख. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि मुदत १८० दिवसांची असते. २५ ऑक्टोबरला ठेवलेल्या सोयाबीनची मुदत एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात संपते. ही तारीख ठेव-पावतीवर आहे, ती नोंदवहीतही लिहा आणि थप्पीच्या कार्डावरही. ज्यांची मुदत आधी, त्यांच्या थप्प्या दाराकडे. आधी आलेला माल आपोआप मागच्या भिंतीला लागतो आणि उशिरा आलेला त्याच्यापुढे, मग एप्रिलमध्ये मागचा एक लॉट काढायला पुढचे चार हलवावे लागतात. हे टाळायचं तर हॉल आडवा न भरता मधली गल्ली सोडून दोन्ही बाजूंनी भरा. थोडी जागा गल्लीत जाते, पण कोणाचाही लॉट दुसऱ्याला हात न लावता निघतो.

दुसरा आकडा ओलाव्याचा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. परतीच्या पावसात सापडलेला माल १४-१५ टक्क्यांनी येतो. मीटरवरचा आकडा वहीत लॉटसमोर लिहिलेला असेल तर असा माल कोपऱ्यात, थप्पीच्या पोटात कधीच जाणार नाही. आमचं मत स्पष्ट आहे : १२ च्या वरचा माल आधी ताडपत्रीवर वाळवा, मग थप्पी. ते शक्यच नसेल तर हवा खेळते त्या खिडकीजवळ, कमी उंचीची थप्पी लावा आणि दर आठवड्याला थप्पीच्या मधल्या कट्ट्यात हात घालून पाहा. कट्टा हाताला गरम लागला की त्याच दिवशी पलटी करा. थप्पी मधोमध तापायला लागली की बाहेरून काहीच दिसत नाही. वास यायला लागतो तेव्हा खालचे कट्टे काळे पडलेले असतात.

तिसरा आकडा मालकाचा. एका कास्तकाराचा माल चार ठिकाणी विखुरला की मोजणीही चुकते आणि बँकेचा माणूस पाहणीला आला की पळापळ होते. लहान ठेवीदारांचे लॉट एका पट्ट्यात घ्या, प्रत्येकाला स्वतःचं कार्ड द्या.

वहीतला साठा आणि प्रत्यक्ष साठा जुळतच नाही. मग अशा आकड्यांवर मांडणी कशी करायची?

खेपांच्या हिशेबाला पाच-दहा कट्ट्यांची चूक चालते, तेवढ्याने क्रम बदलत नाही. पण साठा जुळला पाहिजे हे खरंच, आणि मांडणी सुधारली की तोही जुळायला लागतो.

मोजणी चुकते ती बहुधा फुटक्या थप्प्यांमुळे. एकाच युरियाच्या तीन थप्प्या, तिन्ही अर्धवट, कोणी इथून काढतो, कोणी तिथून. नियम करा : एका मालाची एका वेळी एकच थप्पी फोडायची. ती संपली की दुसरी. आणि थर ठरावीक ठेवा. एका थरात ८ कट्टे, १० थर, म्हणजे ८०. मग मोजणी म्हणजे पूर्ण थप्प्या गुणिले ८०, अधिक एका फुटक्या थप्पीतले. पूर्ण गोडाऊन अर्ध्या तासात मोजून होतं.

वर्षाअखेरीस दोन दिवस गोडाऊन बंद ठेवून मोजण्यापेक्षा रोज संध्याकाळी एक जागा मोजा. ‘अ’ गटातली जागा पंधरवड्यातून एकदा तरी यावी, ‘क’ गटातली तिमाहीत एकदा. फरक निघाला तर त्याच आठवड्यातली बिलं तपासायची असतात. वर्षभराची चाळत बसावं लागत नाही.

धान्यात मात्र कट्टे जुळूनही वजन जुळत नाही, आणि इथे माणसांवर फार अन्याय होतो. १४ टक्के ओलाव्याने घेतलेलं १०० क्विंटल सोयाबीन उन्हाळ्यापर्यंत १० टक्क्यांवर उतरलं, तर वजन उरतं ९५ क्विंटल ५६ किलो. (१०० ला ८६ ने गुणा, ९० ने भागा.) ४ क्विंटल ४४ किलो हवेत गेले, कोणी नेले नाहीत. विदर्भाच्या मार्च-एप्रिलमध्ये, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, ही घट होणारच. आत घेतानाचा आणि बाहेर काढतानाचा ओलावा लिहिलेला असेल तर घट किती रास्त ते कागदावर दाखवता येतं. लिहिलेला नसेल तर संशय चौकीदारावर आणि हमालावर जातो. हे सूत्र लावून पाहिल्याशिवाय कोणाचंही नाव घेऊ नका, एवढी आमची विनंती आहे.

खत, बियाणं आणि औषधं एकाच हॉलमध्ये चालतात का?

खत आणि बियाणं एका छताखाली असू शकतात, पण शेजारी शेजारी नकोत. युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि त्याचे गोळे होतात. बियाण्याला ओलावा वर्ज्य. दोघांमध्ये निदान एक गल्ली ठेवा, आणि बियाणं गळतीपासून सगळ्यात लांब. सोयाबीनच्या बियाण्याचं साल पातळ असतं, कट्टा आपटला तरी उगवण घटते. किमान उगवणीचं प्रमाण ७० टक्के आहे, ते गाठतानाच दमछाक होते. म्हणून या बियाण्याला अशी जागा द्या की उतरवणं आणि चढवणं कमीत कमी वेळा होईल, मग भागाकार काहीही सांगो. प्रमाणित बियाण्याच्या टॅगची वैधता चाचणीच्या तारखेपासून ९ महिने असते. ती तारीख वहीत लॉटनिहाय असेल तर जुना लॉट मागे राहून जात नाही.

कीटकनाशकांना वेगळी, कुलूपबंद, हवा खेळती खोली हवी. धान्याच्या गोडाऊनमध्ये एक बाटलीसुद्धा नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. ती विषबाधा साठवणीतून झालेली नव्हती, पण ही औषधं किती जवळून मारतात हे आपल्या भागाने पाहिलेलं आहे. तिथे जागेचा भागाकार लावूच नका. औषधांच्या खोलीत एकच क्रम पाळा, मुदत आधी संपणारं पुढे, आणि द्रवरूप औषधं भुकटीच्या खाली, म्हणजे गळलं तर वरून खाली झिरपणार नाही.

भिंतीपासून किती अंतर सोडायचं? थप्पी किती उंच?

भिंतीपासून दोन-अडीच फूट. लोक हे अंतर वाया गेलेली जागा समजतात. त्या फटीतून उंदरांच्या लेंड्या दिसतात, ओल दिसते, आणि धुरीकरणाच्या वेळी थप्पीभोवती प्लास्टिकचं आवरण टाकून कडा दाबायला वाळू भरलेल्या नळ्या ठेवायला जागा लागते ती हीच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचं धुरीकरण परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं असतं. तो आला आणि थप्पी भिंतीला चिकटलेली असली तर तो एक तर परत जातो किंवा काम अर्धवट होतं. तूर-हरभऱ्यात भुंगेरा शिरला की अर्धवट धुरीकरणाने तो जात नाही.

खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट. उंची अशी की वरचा कट्टा उतरवताना माणसाला शिडीवर तोल सांभाळावा लागू नये. रोज हलणाऱ्या थप्प्या खांद्याएवढ्याच ठेवा, महिनोन्‌महिने न हलणाऱ्या थप्प्या उंच चालतात. हमाल पाठीवर कट्टा घेऊन वळतो त्या गल्लीला चार फूट तरी हवेत.

नकाशात गळतीच्या जागाही दाखवा. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन फिरा, पत्र्यातून कुठे थेंब पडतो तिथे जमिनीवर खडूने फुली मारा. पत्रा दुरुस्त होईपर्यंत त्या फुल्यांवर बारदाना सोडून काहीही ठेवू नका, आणि बारदानाही ताडपत्रीखाली.

प्रत्येक मालाची जागा कायमची ठरवायची की जिथे रिकामं तिथे लावायचं?

‘अ’ गटाची जागा हंगामापुरती पक्की ठेवा, म्हणजे हात सवयीने तिकडे जातो. बाकी माल जिथे रिकामं तिथे लावायला हरकत नाही, अट एवढीच की ‘जागा’ रकाना भरला पाहिजे. सगळ्याच जागा पक्क्या केल्या तर तूर यायच्या आधी तिची जागा दोन-तीन महिने रिकामी राहते आणि सोयाबीन व्हरांड्यात पडतं.

आम्ही भंडारा-गोंदियाकडचे. आमच्याकडे धान असतं, ते एवढं येतं की मांडणीचा विचारच सुचत नाही.

धानात ओघ एकाच दिशेचा आणि प्रचंड असतो. तिथे दिवसाची सर्वाधिक आवक हा आकडा महत्त्वाचा. गेल्या हंगामातले सगळ्यात गर्दीचे पाच-सहा दिवस काढा. त्या आवकेला पुरेल एवढी जागा काट्यासमोर मोकळी ठेवा, कारण तोलाई आणि ओलावा-तपासणी तिथे अडते, आत नाही. हमीभावाच्या खरेदीत धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. त्याच्या जवळपासचा माल वेगळ्या ओळीत लावा आणि मिलिंगसाठी तोच आधी पाठवा. भरडाईचा उचल-आदेश आला की त्या दिवशी शोधाशोध नको.

यासाठी संगणक किंवा सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

लगेच नाही. वही आणि कॅल्क्युलेटरवर पहिला हंगाम निघतो. मोबाइलमध्ये एक्सेल चालत असेल तर मालाचं नाव, तारीख, कट्टे आणि जागा असे चार रकाने टाका, बेरजा तोच करून देईल. महागडी प्रणाली घेतली आणि ‘जागा’ रकाना रिकामाच राहिला, असं होऊ देऊ नका.

हमाल मंडळी ऐकत नाहीत. त्यांना जुनीच पद्धत बरी वाटते.

त्यांना विचारून नकाशा केला होता का? कोणत्या कोपऱ्यात पाय घसरतो, कोणत्या खांबाला कट्टा घासून फाटतो, ट्रक उलटा लावला तर किती पावलं वाचतात, हे वहीत नसतं, त्यांना पाठ असतं. आकड्यांवरून काढलेला नकाशा त्यांच्यासमोर जमिनीवर खडूने आखा आणि त्यांना दुरुस्त करू द्या. वर सांगितलेला १९ किलोमीटरचा हिशेब त्यांना तुमच्या गोडाऊनच्या आकड्यांनी करून दाखवा. दर तोच राहून चालणं कमी होणार असेल तर विरोध कोण करेल? पण चालणं कमी झालं म्हणून कोणी दर कमी करायची गोष्ट काढली, तर पुढची प्रत्येक सुधारणा तिथेच बंद पडेल. आमच्या मते ती काढणं योग्यही नाही.

सुरुवात कधी करावी?

हरभरा बाहेर गेल्यावर आणि खताची पहिली रेक लागायच्या आत. बहुतेक ठिकाणी हा काळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. आधी झाडलोट आणि पत्र्याची दुरुस्ती, मग रंगाने चौकटी, मग मागच्या जून-जुलैच्या खेपांची यादी. काम सकाळी १० च्या आत उरका. अकोला-चंद्रपूरकडे त्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. एवढं सगळं एका वर्षी झालं नाही तर निदान युरिया आणि डीएपी यांच्या जागा बदला आणि ‘जागा’ रकाना सुरू करा. ऑगस्टमध्ये बिलं मोजाल तेव्हा पुढचं काय हलवायचं ते त्यात दिसेल.